निळा हार आणि रिठ्याचं पाणी

मी खोटे दागिने जमवते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. जुने, विलायती काचेच्या खड्यांचे हार, ब्रोच, कानातले. सोनं त्यांत औषधालाही नाही. लकडगंजातल्या भंगाराच्या दुकानांपासून रेल्वे कॉलनीत घर आवरायला काढलेल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंकांपर्यंत मी सगळीकडे हुंदडले आहे. बँकेतली नोकरी सांभाळून हा नाद केला, आणि चांगला केला. कुठला खडा जुना, कुठला कालपरवाचा, हे मी नुसता तळहातावर घेऊन सांगते. उगाच विनय कशाला?

माझ्या थोरल्या नणंदबाई काटोलच्या. घरची संत्र्याची बाग, हातात पाटल्या, दंडात वाकी. दर दिवाळीला यायच्या आणि माझं कपाट उघडून हसायच्या. "वहिनी, काहून वं ह्या काचा जमवून राहिली? तेवढ्यात एखादी अंगठी झाली असती." मी म्हणायची, "तुमची अंगठी लॉकरात, माझ्या काचा माझ्या डोळ्यांसमोर!" पण लागायचंच ते बोलणं. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही माझ्या वस्तूंना दागिना म्हटलं नव्हतं.

म्हणून माझ्या लेकीनं, मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एकुलत्या एक लेकीनं, "रिसेप्शनला मी आत्याचा राणीहार नाही, आईचा निळा हार घालणार" असं सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा मी अशी काही फुगले की विचारू नका. तो हार म्हणजे माझ्या कपाटातला राजा.

आमच्या घरात लग्नाआधी नवरीचे दागिने धुवायचा मान आत्याचा. परातीत रिठ्याचं पाणी करून रात्री सगळं सोनं भिजत घालायचं आणि सकाळी ब्रशनं घासायचं. हळदीच्या सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर परातीत पाटल्यांच्या शेजारी माझा निळा हार! या खड्यांच्या पाठीला चंदेरी पन्नी असते, सगळी चमक तिचीच. पाणी शिरलं की पन्नी काळी पडते आणि खडा मेला. हार उचलून पाहिला तर निम्मे खडे गेलेले.

माझं डोकंच सटकलं. "अहो ताई, विचारायचं तरी!" मी अशी ओरडले की बाहेर मांडव घालणारी माणसं आत डोकावली. नणंदबाईंनी ब्रश खाली ठेवला. "मले वाटलं, पोरगी लग्नात घालून राहिली, त दागिनाच झाला ना वं. म्हणून सोन्यासंग धुतला."

घ्या! जो शब्द ऐकायला माझा जीव आसुसला होता तो आला, आणि हाराचा जीव घेऊन आला. रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं.

"राहू दे आई, मी राणीहार घालते," लेक म्हणाली.

"गप्प बस. उद्या हाच हार तुझ्या गळ्यात असेल."

कपाटातून मी माझा सगळ्यात लाडका ब्रोच काढला. त्याच जातीचे, त्याच निळ्या रंगाचे खडे. मोडवत नव्हता, खोटं कशाला सांगू? तरी मोडला. मग खडा धरून ठेवणारा एकेक बारीक दाता उचलायचा, मेलेला खडा काढायचा, चांगला बसवायचा, दाता पुन्हा दाबायचा. नणंदबाई पाटल्या उतरवून समोर बसल्या आणि मापाचे खडे निवडून देऊ लागल्या. "हा बसन काय वं?" "नाही, याच्याहून लहान द्या." हळदीपुरत्या उठलो, हात धुतले, पुन्हा बसलो. दिवेलागणीला शेवटचा खडा बसला.

रिसेप्शनला लेक स्टेजवर उभी राहिली आणि हार असा झगमगला की मलाच ओळखू येईना. तेवढ्यात व्याह्यांकडच्या एका बाईनं नणंदबाईंना विचारलं, "कोणत्या सराफाकडे घडवला हो?" मी कान टवकारले. चारचौघांत हार खोटा आहे म्हणायची लाज वाटून त्या आता काहीतरी सारवासारव करणार, असं मी धरूनच चालले होते.

"सराफ कशाले लागते?" नणंदबाईंचा आवाज अख्ख्या हॉलला पुरेल असा. "सोनं नाही त्यात. आमच्या वहिनीनं आपल्या हातानं खडे बसवले. असा हार आमच्या साऱ्या काटोलात नाही. थे पाहा, तिथं बसली, विचारा तिले."

बायका आल्या. मी पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि पंगत उठेपर्यंत एकेकीला अगदी पहिल्यापासून सांगत बसले.