किराणा कोणाचा?

आमच्या घराचा हिशोब एका जुन्या कॉम्प्युटरात राहत होता. हे बँकेतून रिटायर झाले, पण बँक काही यांच्यातून गेली नाही. भाजीवालीला दिलेले सुटे पैसेसुद्धा रोज संध्याकाळी त्यात चढायचे. अलीकडे तो कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा, आणि त्यातला हिशोबाचा प्रोग्राम बनवणाऱ्यांनी तर केव्हाच हात वर केले होते. दिवाळीला लेक पुण्याहून आली तेव्हा म्हणाली, सगळं नव्या प्रोग्राममध्ये हलवून टाकू.

मी मेथी निवडायच्या निमित्ताने तिथंच बसले. मला अशा गोष्टींचं भारी कुतूहल. इतक्या वर्षांचं दूध, वीज, विम्याचे हप्ते इकडून तिकडे जातात तरी कसे? मला वाटलं होतं, एक बटण दाबलं की झालं. पण नवा प्रोग्राम नव्या सुनेसारखा निघाला, हे कुठं ठेवू, ते कुठं ठेवू, सगळं विचारून ठेवणारा.

मी धंतोलीतल्या दवाखान्यांत पेशंटजवळ थांबलेल्या नातेवाइकांना डबे देते. कोणी सावनेरचं, कोणी त्याहून लांबच्या खेड्यातलं. दवाखान्यात अडकलेल्या माणसाला घरची पोळी लागते. डब्यांचे पैसे जुन्या प्रोग्राममध्ये वेगळे जमा व्हायचे, किराणा मात्र एकच. जरीपटक्याच्या बाजारातून तेलाचा पिपा आणि तांदळाचा कट्टा येतो, त्यातूनच डबे भरतात आणि त्यातूनच आम्ही दोघं जेवतो.

नव्या प्रोग्रामला हे चालेना.

"आई, हे विचारून राहिलं, किराणा घराचा का धंद्याचा?"

"धंद्याचाच," मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले. "एवढाले भाताचे गंज काय आपल्या दोघांसाठी गॅसवर चढतात?"

लेकीने तसं टाकलं. डब्यांचं खातं लालभडक झालं.

"पाहा, मी म्हणतच होतो," हे तिला म्हणाले. "तोट्यातलं खातं नव्यात काहून न्यायचं? इथंच बंद कर वं. तुह्या आईचे गुडघे तरी वाचतील."

गुडघ्यांची काळजी खरी होती, म्हणून तर राग जास्त आला. डबे गेले तर मी काय करायचं, दिवसभर यांच्या शेजारी बसून बातम्या पाहायच्या? या घरात माझं म्हणावं असं तेवढं एकच खातं होतं.

मी चष्मा लावून पडद्याजवळ गेले. घराच्या खात्यात वीज होती, पेट्रोल होतं, यांच्या पानाचे पैसेही होते. जेवणाच्या पुढे शून्य.

"अहो, मंग आपण दोघं इतके वर्षं काय हवा खाऊन राहिलो होतो?"

लेकीचे हात थांबले. घराचा किराणा वेगळा काढायचा तर कसा? एका पिप्यातलं तेल, कोणाच्या भाजीत किती पडलं हे कोण सांगणार? हे कोडं मला फार आवडलं, आणि विचार करता करता सुचलंही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या महिन्यात डबे बंद होते.

"त्या महिन्याचा किराणा काढ वं. तो फक्त घरचा."

"तेव्हा पाहुणे किती आले होते!" हे म्हणाले.

"पाहुणे चहा पिऊन गेले. अन् सयपाक तुमच्या बहिणीकडे होता. तिचा हात तुमाले माहीत आहे."

बहिणीच्या हातून तेल किती जपून सुटतं हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

लेकीने तेवढी रक्कम प्रत्येक महिन्याच्या किराण्यातून काढून घराच्या नावे टाकली. लाल आकडे एकेक करून काळे होत गेले. शेवटी उरलेला नफा लहानसाच होता, पण नफा होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

यांनी आकडे पुन्हा वरपासून खालपर्यंत जुळवून पाहिले.

"म्हणजे इतके वर्षं मी हिच्या धंद्यात फुकट जेवलो?"

"फुकट कुठं?" मी म्हटलं. "रोज भाजीले नावं ठेवत होते न."

लेक खो खो हसली. हे हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून तिला म्हणाले, "डब्याचं खातं आधी नव्यात घे. घराचं मागून."