भिंतीपलीकडचा रानगुलाब

माझ्या हाताला गुण नाही असं कुणी म्हणू नये. मी लावलेल्या गुलाबाला भरपूर फुलं आली. फक्त ती शेजाऱ्यांच्या अंगणात आली.

झाड मुळात सासूबाईंचं. शेंद्र्याजवळ त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर पांढऱ्या रानगुलाबाचं जाळं होतं. पाच पाकळ्यांचं साधं फूल, वर्षातून एकदाच येणारं. पण आलं की विहीर दिसायची नाही. पुढे मळा कारखान्यांत गेला, विहीर बुजली. त्या गुलाबाची एक काडी सासूबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या मुकुंदवाडीच्या घरी आणली आणि माझ्या हातात दिली. (बायकोच्या हातात दिली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

"फुलला म्हंजी सांगा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "एकदा बघायचाय मला."

जावयाची इभ्रत त्या काडीला बांधली गेली ती अशी.

मी लगेच कामाला लागलो. एका रविवारी गुलाबप्रेमींच्या शिबिराला जाऊन आलो, हिरव्या मुठीची झकास कात्री आणली. दसरा झाला की गुलाब गुडघ्याएवढा छाटायचा, असं शिबिरात शिकवलं. कोणता गुलाब, हे विचारायचं मला सुचलं नाही. काडीचं झुडूप झालं तसा मी छाटला. पुढच्या दसऱ्यालाही छाटला. फांद्या दरसाल जोमानं फुटायच्या, फुलाचा पत्ता नाही. मग केळीची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा असं सगळं त्याच्या मुळाशी जाऊ लागलं. आमच्याकडे नळाला पाणी जावयासारखं येतं, म्हणजे क्वचित आणि मानपानानं. त्यातलीही बादली मी त्याला द्यायचो. बायको म्हणायची, एवढं खाऊनपिऊन काहीच न करणारे आता घरात दोघं झाले.

या धांदलीत एक लांबलचक फांदी कात्रीला चुकवून भिंतीवरून सलीमभाईंकडे उतरली. सलीमभाई आमचे शेजारी, औरंगपुऱ्यात त्यांचं अत्तराचं दुकान आहे. मधली भिंत उंच, तिच्यावर पत्रे, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. छाटू का, असं त्यांनी येऊन विचारलं. हे शास्त्राचं काम आहे, कुणी हात लावायचा नाही, मी स्वतः येऊन छाटीन, असं मी त्यांना बजावलं. आणि विसरून गेलो.

मागच्या साली संक्रांतीला फोनवर मी सासूबाईंना "यंदा नक्की फुलणार" असं बोलून बसलो. शिवरात्र झाली आणि त्यांचा निरोप आला, सोमवारी येते. झाडाला एक कळी नव्हती! त्यात रोज सकाळी पलीकडून गोड वास यायचा. सलीमभाईंनी नवं अत्तर आणलेलं दिसतंय, असं मी बायकोला सांगायचो.

शेवटी रविवारी फुलबाजारातून पांढरे गुलाब आणले आणि सोमवारी सकाळी दोऱ्यानं एकेक करून फांद्यांना बांधले. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, आईचे डोळे शाबूत आहेत."

मी म्हटलं, लांबून कळत नाही.

सासूबाई रिक्षातून उतरल्या त्या थेट झाडाजवळ गेल्या. एक फूल हळूच धरलं, ते दोऱ्यासकट हातात आलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर सावरून ओट्यावर बसल्या आणि उतरलेल्या आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. विहीर गेली, तसा ह्योबी गेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (विनोद नाही, खरंच झालं.)

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि भिंतीवरून काही पांढऱ्या पाकळ्या त्यांच्या मांडीवर पडल्या. सासूबाईंनी त्या हुंगल्या.

"ह्यो आमच्या विहिरीचा वास हाय," म्हणाल्या, आणि मी चपला शोधेपर्यंत त्या सलीमभाईंच्या दारात पोचल्यासुद्धा.

आमची ती पळपुटी फांदी त्यांच्या अंगणातल्या शेडवर चढून पाण्याच्या टाकीवर पसरली होती, आणि टाकी दिसत नव्हती. सगळं पांढरंशुभ्र. मला सांगितलं का नाही, असं मी सलीमभाईंना विचारलं.

"साहब, आपच बोले थे ना, कुणी हात लावायचा नाय," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही नाय लावला. मुझे लगा, आपकी तरफ तो इससे जादा फूल होंगे."

सासूबाई टाकीखाली खुर्ची टाकून बसल्या. सलीमभाईंच्या बायकोनं, नसीमभाभींनी दिलेला चहा त्यांच्या हातातच निवला. त्या वर बघत होत्या आणि पदरानं डोळे टिपत होत्या. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, घरचं झाड छाटता का? मी अभिमानानं सांगितलं, दर दसऱ्याला, न चुकता.

"अवो जावईबापू, त्याला जुन्या फांदीवर फूल येतं. तुम्ही दरसाल फुलंच कापून टाकताय की."

निघताना बायकोनं त्यांच्यापुढे साडी धरली. साडी नको म्हणाल्या, ती हिरव्या मुठीची कात्री द्या. पिशवीत तळाशी घालून घेऊन गेल्या.

तेव्हापासून मी रोज सकाळी गुलाबासमोर खुर्ची टाकून चहा पितो आणि काहीही करत नाही. यंदा आमच्या बाजूच्या फांद्याही कळ्यांनी लगडल्या आहेत. गल्लीतले लोक थांबून विचारतात, साहेब, याला घालता तरी काय?

मी घसा साफ करून सुरुवात करणार, एवढ्यात बायको आतून सांगते, "काही नाही हो. यांना फक्त त्याच्यापासून लांब बसवलंय."