कोरड्या डोळ्यांची बाई

नातीला कॉलेजच्या दाराशी सोडलं, गाडीची काच खाली केली आणि ओल्या पानांचा वास आत आला. मिनेसोटातल्या ऑक्टोबरचा हा वास मी डोळे मिटूनही ओळखेन. मेपलची पानं कुजायला लागताना गोडसर वास येतो, काकवी संपलेल्या भांड्याच्या तळाशी राहतो तसा. ओकची पानं त्यात थोडा कडवटपणा मिसळतात. त्यावर आज दालचिनी घालून उकळलेल्या सफरचंदाच्या रसाची वाफ तरंगत होती. नर्सिंगच्या मुलींनी दाराशी टेबल मांडून कागदी पेल्यांतून तो विकायला ठेवला होता. वरच्या मोठ्या पडद्यावर कॉलेजच्या बातम्या एकामागून एक सरकत होत्या. मंगळवारी रक्तदान, गुरुवारी समूहगानाची तालीम, शनिवारी ओपन हाऊस, सर्वांचं स्वागत. शेवटची ओळ सरकून गेली तरी मी तिकडेच पाहत बसले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा कुठं पुढे निघाले.

ऐंशीच्या दशकात मी याच कॉलेजात शिकत होते. गावातल्या कुणालाही, कुठल्याही वयात शिकायला येता येईल असं हे कॉलेज. वर्गात माझ्या एका बाजूला रात्रपाळी करून आलेला गोदाम-कामगार असे आणि दुसऱ्या बाजूला नातवंडं झालेली आजी. नागपूरहून एम. ए. करून आलेली मी इथं पुन्हा इंग्रजी लिहायला शिकत होते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नव्हता. उलट घरातल्या शांततेतून सुटून कुठंतरी जायला मिळतं याचाच आनंद मोठा होता. दर सोमवारी कॅन्टीनच्या टेबलांवर एक पिवळा कागद ठेवलेला असे. कॉलेजच्या बातम्या. कुणाचा हातमोजा सापडला आहे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगणातली पानं गोळा करायला कोण येणार आहे, नाटकासाठी जुना सोफा कुणी देईल का. मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. ज्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही, त्या गावातला हरवलेला हातमोजासुद्धा आपलासा वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

मला गाडी चालवता येत नव्हती. समोरच्या इमारतीत राहणारी एक अमेरिकन बाई माझ्याच वर्गात होती, ती मला रोज घेऊन जायची आणि घेऊन यायची. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, घटस्फोट झालेली, मुलगा दूर सैन्यात. हसली की सगळी खांद्यापासून हलायची. माझ्या लांबलचक नावातली पहिली दोन अक्षरं ठेवून बाकीची तिनं पहिल्याच दिवशी गाळून टाकली होती, आणि मला ते आवडलंही होतं. तिनं मला बर्फावर कसं चालायचं ते शिकवलं, मी तिला फोडणी शिकवली. आई गेल्यावर माझ्या केसांतून कुणी हात फिरवला नव्हता. एकदा ताप आला होता तेव्हा तिनं फिरवला. परक्या मुलखात माणूस एवढ्यावर जीव टाकतो.

त्या सप्टेंबरात, कॉलेजहून परत येताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना मी तिला ते सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. शेजारच्या गाडीत मागच्या सीटवर एक तान्हं बाळ झोपलं होतं, त्याच्याकडे पाहता पाहता बोलून गेले. इथं आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात, ऐन जानेवारीत, मला मुलगी झाली होती. पूर्ण दिवसांची, पण जन्माआधीच गेलेली. डॉक्टर म्हणाले, पाहू नका, विसरायला सोपं जाईल. मला औषध देऊन झोपवलं. मी तिला पाहिलं नाही. मला रडूही आलं नाही. डोळे कोरडेच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कोट घालून, "जाऊन येतो," म्हणून ऑफिसला गेला. नागपूरला आम्ही पत्रानं एवढंच कळवलं की मूल राहिलं नाही. आणि त्या दिवसानंतर आम्ही दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

मैत्रिणीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि माझा हात धरून बसून राहिली. ती रडली. माझं रडणं कुणीतरी रडतंय असं वाटून मला इतकं हलकं वाटलं, की त्या संध्याकाळी मी स्वयंपाक करताना गुणगुणले.

ऑक्टोबरात पिवळ्या कागदावर ओपन हाऊसची बातमी आली. शनिवारी दुपारी समूहगान, सफरचंद भरून भाजलेले 'ॲपल पाय', मुलांसाठी भोपळे कोरणं, आणि लेखनाच्या वर्गातल्या निवडक विद्यार्थ्यांचं वाचन. वाचणाऱ्यांत माझ्या मैत्रिणीचं नाव होतं आणि लेखाचं शीर्षकही छापलं होतं. त्याचं मराठी केलं तर 'कोरड्या डोळ्यांची बाई' असं होईल. मी ते वाचलं आणि मला काहीही कळलं नाही. मला वाटलं, तिच्या आईबद्दल असेल.

"तुझ्यासाठी सरप्राइज आहे," ती म्हणाली. "नवऱ्यालाही घेऊन ये."

मी त्याला घेऊन गेले. तो शनिवारचं काम टाकून, माझ्यासाठी आला. आमच्या छोट्याशा मराठी गोतावळ्यातल्या एक काकूही आल्या होत्या; निरनिराळ्या देशांच्या खाद्यपदार्थांच्या टेबलावर त्यांनी चकल्या मांडल्या होत्या. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. खिडकीबाहेर मेपल पेटल्यासारखा लाल होता. मैत्रीण उठली, चष्मा लावला, माझ्याकडे पाहून हसली आणि वाचू लागली. पहिल्याच वाक्यात माझं नाव होतं. तिनं ठेवलेली ती दोन अक्षरं.

पुढचं मी ऐकलं असं म्हणता येणार नाही. ते अंगावरून गेलं. हॉस्पिटलची खोली, खिडकीतलं बर्फ, न रडणारी बाई. एवढं माझं होतं. पण मग आरशासमोर उभा राहून, शीळ घालत टायची गाठ नीट करणारा नवरा आला. तो म्हणतो, "मुलगीच तर होती." आणि ती बाई मान खाली घालते, कारण तिच्या देशात बायका असंच करतात. मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. कुणीही असं म्हणालेलं नव्हतं. सभागृहात बायका रुमाल काढत होत्या. माझ्या शेजारी तो ताठ बसला होता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, इंटरव्ह्यूला बसल्यासारखा. वाचन संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि मैत्रिणीनं हात पुढे करून माझ्याकडे निर्देश केला. माणसं वळून पाहू लागली. माझ्याकडे दयेनं, आणि त्याच्याकडे... ती नजर मी अजून विसरलेली नाही.

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तू तिला सांगितलंस?"

"टायचं नाही. ते दुसरं वाक्यही नाही. शप्पथ."

"ते मला कळतंय गं." समोरच्या काचेवर चिकटलेल्या पानाकडे पाहत तो म्हणाला, "पण तिला सांगितलंस. मला कधी काही बोलली नाहीस."

मैत्रीण दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली, हातात 'ॲपल पाय'चा उरलेला तुकडा घेऊन. मी तिला दारातच उभं केलं. मी रागावले आहे हे तिला खरोखर समजेना.

"पण हनी, सगळे तुझ्यासाठी रडले!"

"माझ्यासाठी नाही. तू बनवलेल्या बाईसाठी रडले. मुलगी म्हणून कुणाला दुःख झालं नाही, असं मी कधी म्हणाले?"

"ते गोष्टीला हवं होतं. आणि तुमच्याकडे असं असतं ना? मी वाचलंय."

मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुला कुणीतरी आवाज द्यायला हवा."

मी दार लावून घेतलं. तिच्यावर ओरडायला हवं होतं असं पुढं कित्येकदा वाटलं, पण त्या क्षणी मला तिची भाषाच परकी झाली होती. आवाज द्यायला हवा म्हणे. मला आवाज होता. तो मी विश्वासानं, एका सिग्नलशी, एकाच माणसाला ऐकवला होता.

गोष्ट तिथंच संपती तरी चाललं असतं. पण दिवाळीच्या फराळाला सगळे जमले, तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेतलं. "खरंच का गं तो असं म्हणाला?" त्यांचा स्वर मायेचा होता, म्हणूनच जास्त लागला. मी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं. पण बाहेर आले तेव्हा दिसलं, पुरुषमंडळींच्या घोळक्याबाहेर माझा नवरा खिडकीपाशी एकटा उभा होता आणि हातातली करंजी तशीच होती. चारचौघांत वाचलेल्या खोट्याला पाय फुटतात. ते आपल्याआधी आपल्या माणसांच्या घरी पोचतं.

कॉलेज मी सोडलं नाही. त्यानंच सोडू दिलं नाही. मला तो ऑफिसच्या आधी, अंधार जेमतेम फिटलेला असताना कॉलेजवर सोडायचा, आणि वर्ग सुरू होईपर्यंत मी लायब्ररीत बसायची. वर्गात मैत्रीण दोन बाकं पुढे बसे. आधी ती मागे वळून पाहायची, मग पाहीनाशी झाली. घरी मात्र आमच्या दोघांत शब्द मोजके झाले होते. मीठ दे. पत्र आलंय. हीटर लावू का.

नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी आम्ही घराभोवतीची पानं गोळा करत होतो. थंडी पडली होती पण ऊन होतं. तो दाताळ्यानं पानं ओढून आणत होता, मी पिशवीचं तोंड धरून बसले होते. मध्येच त्यानं दाताळं थांबवलं.

"मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नव्हतो."

मला आधी कळेचना, कुठल्या दिवशी.

"हॉस्पिटलवाले म्हणाले, पुढचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवा. तुला कसं विचारणार? मी कोट घातला आणि गेलो. त्यांनी मला तिला दाखवलं. डोकंभर जावळ होतं गं तिला." "जमीन गोठलेली होती. म्हणाले, एप्रिलशिवाय खणता येणार नाही, तोवर आम्ही सांभाळतो. एप्रिलमध्ये टायर बदलायला जातो म्हणून गेलो होतो बघ. तेव्हा तिला ठेवून आलो."

मी तिथंच पानांच्या ढिगात खाली बसले. इतके महिने न आलेलं रडं तेव्हा आलं, आणि त्या रडण्यात दुःख किती आणि संताप किती हे मला आजही सांगता येणार नाही. मैत्रिणीनं माझं गुपित चव्हाट्यावर मांडलं होतं. यानं माझंच मूल माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. मायेपोटी, मला जपायला, पण लपवलं होतं. एप्रिलमध्ये मी घरी होते. हिंडती-फिरती होते. त्या दिवशी दुपारी नवे टायर कसे आहेत, असं मी त्याला विचारलंही होतं.

त्याच दुपारी आम्ही गेलो. दफनभूमी कॉलेजच्या पलीकडेच निघाली. मी रोज त्याच रस्त्यानं, मैत्रिणीच्या गाडीत हसत-बोलत जात होते. जमिनीसपाट छोटासा दगड, त्यावर नाव नव्हतं, फक्त आमचं आडनाव आणि साल. त्यावर पानांचा थर बसला होता.

मैत्रीण पुढच्या वर्षी मुलाजवळ राहायला दुसऱ्या राज्यात निघून गेली. जाताना भेटायला आली नाही, आणि मी वाटही पाहिली नाही. तिनं माझं नाव भर सभेत वाचलं. मी तिचं इथं लिहिणार नाही, एवढा फरक माझ्यात आणि तिच्यात राहू दे. माझ्या मुलीला, म्हणजे नंतर झालेल्या, इथंच वाढलेल्या लेकीला, हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण आई, इन अ वे शी डिड यू अ फेवर, नो? नाहीतर बाबा कधी बोललेच नसते." लेक मनानं चांगली आहे, तिला सगळ्याचा शेवट गोड हवा असतो. मी तिला म्हटलं, घर जळालं आणि राखेत हरवलेली अंगठी सापडली, म्हणून आग लावणाऱ्याला कुणी ओवाळत नाही. काळ सगळ्या जखमा भरतो असं म्हणतात. भरतो, पण जिथं विश्वास होता तिथं नुसती कातडी येते, पूर्वीसारखा स्पर्श कळत नाही. त्यानंतर मला मैत्रिणी झाल्या, चांगल्या झाल्या. सिग्नलला गाडी थांबली की मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलते.

दर वर्षी पानगळीत आम्ही दोघं त्या दगडापाशी जातो. त्याचे गुडघे आता दुखतात, तरी येतो. पण आधी थोडा वेळ फाटकाशीच थांबतो. एका वर्षी मी विचारलं, "तू का येत नाहीस बरोबर?" तर म्हणाला, "तू हो पुढे. मी एकट्यानं भेटून घेतलंय तिला. तुझं राहिलंय." म्हणून आधी मी एकटी जाते. वाकते, दगडावरची पानं हातानं बाजूला सारते, आणि तो सावकाश चालत येईपर्यंतचा वेळ माझा आणि तिचा असतो. त्या वेळात मी तिच्याशी काय बोलते, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्यालाही नाही.