तक्त्यात नसलेला रकाना

तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला की मंठ्याहून परततानाची ती दुपार आठवते. जुनी जीप मीच निवडली होती, इंटरनेटवरचे इंग्रजी अभिप्राय वाचून, वहीत नीट तक्ता आखून. उतारावर तुमच्या आजोबांनी ब्रेक दाबला, पण तो नुसताच खाली गेला. समोर उसाची ट्रॉली होती. “घट्ट धरून बस,” एवढंच म्हणून त्यांनी गाडी कपाशीच्या शेतात घातली. आम्ही वाचलो. गॅरेजातल्या मिस्त्रीला मी अभिप्रायांबद्दल सांगितलं. “काकू, त्या लिहिणाऱ्यांनी गाडी किती दिवस चालवल्ती?” त्यानं विचारलं. “पाच वर्षं झाली की हिचे ब्रेक असेच जातेत. इथल्या जीपवाल्यांना विचारायचं न्हाई का?” माझ्या तक्त्यात ‘किती दिवस चालवली’ हा रकानाच नव्हता. आजही कुणाच्या शेजारी बसून उताराला लागले, की माझा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो.