काकांना तुकडा दाखवा

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर डोळे मिटून विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा आहे. काका परळच्या एका इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होते. रोग्यांच्या शरीरातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेल्या जगाकडे मोर्चा वळवला. दादरच्या बाजारात ते प्रत्येक पापलेटाचा कल्ला उचलून आत डोकावतात; त्यांना लांबून येताना पाहिलं की कोळणी पाटीवर फडकं टाकतात. फणसवाडीतल्या एका लग्नात वाढप्याने पानात पुरणपोळी वाढली, तर यांनी ती मधोमध फाडून उजेडात धरली आणि मगच "हां, पुरण आहे" म्हणाले. करी रोडच्या टॉवरमध्ये फ्लॅट बघायला गेले तेव्हा बिल्डरचा माणूस भिंतीची तारीफ करत होता. काकांनी खिशातल्या चावीने कोपरा खरवडला आणि निघालेली ढलपी कागदात बांधून घरी नेली. "ह्यांना देव भेटला ना, तरी आधी तुकडा मागतील," असं मावशी म्हणते.

आम्ही पोट धरून हसायचो. मग मलाच लिम्फोमा झाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. आजार मानेतल्या गाठींपुरता असेल तर थोडक्यात निभावेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण स्कॅनमध्ये यकृतात एक डाग दिसला. तिथेही तोच आजार असेल, तर तो थेट शेवटच्या टप्प्यातला ठरणार होता. बायकोने देव पाण्यात ठेवले, मी मनातल्या मनात निरवानिरव सुरू केली. तेवढ्यात काका चपलांसकट घरात शिरले.

"काय दिसलं?"

"लिव्हरमध्ये पण आहे, काका."

"ते नाही विचारलं. डाग दिसला की आजार दिसला?"

"डाग."

"मग आत्तापासून रडताय कशाला? अरे, लिव्हर वाढलं म्हणजे आजार असतोच असं नाही, आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणजे नसतोच असंही नाही. नेमका त्या डागातला तुकडा काढायचा. बाकी सगळ्या गप्पा!"

हेच त्यांनी माझ्या डॉक्टरांना अर्धा तास ऐकवलं. डॉक्टरांनी तुकडा काढायचं आधीच ठरवलं होतं. पण ते सांगायला काका त्यांना उसंत देतील तर ना! शेवटी एकदाचा सुईने तुकडा निघाला.

ज्या बाईंच्या हातात आता प्रयोगशाळा आहे, त्या काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. "सर, स्लाईड तयार आहे, या," त्या दारातून म्हणाल्या. मला वाटलं, काका आता त्यांना ढकलून आत घुसणार. पण ते बाकावरून हललेच नाहीत.

"तूच बघ," ते म्हणाले. "आपल्या पोराची स्लाईड आपण बघायची नसते. हवं तेच दिसतं."

मग ते चष्मा पुसत बसले. सदऱ्याच्या टोकाने, रुमालाने, पुन्हा सदऱ्याने. असे घाबरलेले काका मी कधीच पाहिले नव्हते, आणि ते बघून मला माझ्या आजाराची खरी भीती वाटली.

बाई बाहेर आल्या त्या हसतच. "लिम्फोमा नाही, सर. नुसती चरबी साठलीय."

काका उठले. मिठी मारतील म्हणून मी हात पसरले, तर त्यांनी माझ्या पोटाकडे बोट रोखलं. "ऐकलंस? उद्यापासून वडापाव बंद!" आणि तोंड धुवायला म्हणून जे गेले, ते चांगल्या पंधरा मिनिटांनी लाल डोळ्यांनी परतले.

माझे उपचार यथासांग पार पडले. काकांची नजर मात्र आता अधू झाली आहे. रविवारी आम्ही दोघं बाजारात जातो, पिशवी ते धरतात आणि कल्ला मी उचलतो.

"काय दिसतंय?"

"लालभडक आहे, काका. ताजं आहे."

"घे."

कोळीण आता पाटीवर फडकं टाकत नाही. परवा पापलेट पिशवीत टाकताना त्यांनी सहज विचारलं, "आणि तू? बरा आहेस ना?"

"बरा आहे, काका."

त्यांनी मान डोलावली आणि पिशवी सावरत चालू लागले. त्या भर बाजारात मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला होता.