काकी उभी राहिली नाही

हे लिहायला बसलो याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी पाटीवर अक्षर गिरवलेले नाही. माझे बी. ए. अजून पुरे व्हायचे आहे. आठवणी लिहाव्यात असे माझे वय नाही आणि वाचनही बेताचेच आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणजे मी कुठे चुकलो तर त्या मला सांगूही शकणार नाहीत. ज्या ठरावावरून हा सारा प्रकार घडला त्याच्यापुढे नगरपालिकेच्या इतिवृत्तात एवढीच नोंद आहे: 'सूचकांनी ठराव मागे घेतला.' ते वाक्य खोटे नाही. पण मी त्या सभेत होतो, आणि एवढ्या वाक्यावर ती सभा संपू द्यावी असे मला वाटत नाही. म्हणून धीर करतो.

आमचे गाव बाळकुमच्या अंगाला, खाडीकाठी. वडील मिठागरावर काम करीत, आणि त्यांचा थोरला भाऊ, माझा काका, खाडीवर प्रवासी होडी चालवीत असे. अलीकडे ठाणे नगरपालिकेने बांधलेला दगडी धक्का, पलीकडे नुसताच चिखलाचा उतार. काका आणि काकी यांना मूलबाळ नव्हते. मी त्यांच्याच घरात वाढलो म्हटले तरी चालेल, कारण दोन्ही घरांची ओटी एकच होती.

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी, तुळशीचे लग्न झाल्यावर, पलीकडच्या गावातून एका लग्नाची मंडळी परतत होती. ओहोटीची ओढ जबर होती. मध्यावर होडी हलली तशा बायका घाबरून एका अंगाला झाल्या आणि होडी कलंडली. काकाने एकेकाला ओढत नेऊन काठच्या तिवरांच्या फांद्या धरायला लावल्या. एक म्हातारी राहिली म्हणून तो पुन्हा पाण्यात गेला. म्हातारी वल्ह्याला धरून पुढे काठाला लागली. काका वर आला नाही. गावच्या होड्या खाडीच्या तोंडापर्यंत शोधून आल्या. काही सापडले नाही.

सापडले नाही, याचा अर्थ काय करायचा, हा प्रश्न मग गावात सुरू झाला.

देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. त्यानंतर बायकोच्या बांगड्या फोडायच्या. काकी म्हणाली, "नाय. पोहनारा मानूस हाय तो. कुठं लागला असंल, येल." पहिले काही दिवस कोणी काही बोलले नाही. नंतर बोलू लागले. लग्नघरी हळद लावायला सवाष्णी बसत, त्यांच्यात तिला बसवावे की नाही हे कोणाला कळेना. म्हाताऱ्या पाटलाची बायको सगळ्यांना कुंकू लावीत येई आणि तिचे बोट काकीच्या कपाळापाशी येऊन थांबे. मग ती पुढच्या बाईकडे वळे. काकी घरी येऊन आपल्या हाताने कुंकू लावी आणि चुलीपुढे बसे. पुढे पुढे ती कोणाच्या घरी जाईनाशी झाली.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो असताना एक वकील आमच्या ओटीवर आले. ते नगरपालिकेचे सभासद होते. त्यांची मुलगी त्या होडीत होती. काकाने तिला ओढून काढले होते. मोठा भला माणूस. पायातल्या वहाणा काढून ते चटईवर बसले आणि वडिलांचे हात धरून म्हणाले, "मला उशीर झाला, माफ करा. मी सभेत ठराव आणतोय. त्यांच्या दुखवट्याचा. आणि धक्क्याला त्यांचं नाव द्यायचं."

वडिलांना एकदम रडू आले. मिठागरावरच्या माणसाच्या भावाचे नाव दगडावर लागणार, ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या स्वप्नातही आली नसती. ठरावाचा मसुदा मी मोठ्याने वाचून दाखवला. आतून काकीने विचारले, "ठराव म्हंजे करतात काय?"

वकील तिला ऐकू जाईल असे म्हणाले, "दुखवट्याचा ठराव सभेच्या सुरुवातीलाच येतो, वहिनी. अध्यक्ष वाचतात. मग सगळे उठून दोन मिनिटं शांत उभे राहतात. झाला मंजूर."

"आनि कुनाला काय बोलायचा असंल तर?"

"त्यावर कोणी बोलत नाही. मतंही घेत नाहीत. दुखवट्याला कोण विरोध करणार?"

बातमी गावभर झाली. संध्याकाळी पाटील आले. चांगल्या मनाने म्हणाले, "बरा झाला. सरकारदरबारी एकदा ठराव झाला का मंग पुतला करू. तुजीबी सुटका, बाय." नगरपालिका म्हणजे सरकार नव्हे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण आमच्या गावाला तेच सरकार होते, आणि त्या सभेत जे ठरेल ते गावाला पाळावे लागेल हे सगळे धरून चालले होते. काकीसुद्धा.

सभेच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "पोरा, मना तिथं ने."

"काकी, बायका जात नाहीत तिथं."

"दार बंद असतंय का?"

"नाही. मागं बाकं असतात, कोणीही बसावं."

"मंग?"

वडिलांना आवडले नाही. "तुला तिथं काय कलनार हाय? रडशील आनि आमची शोभा व्हईल," असे ते म्हणाले. ती लुगडे बदलून, कपाळाला मोठे कुंकू लावून बाहेर आली. आम्ही दोघे चालत ठाण्यात गेलो. वाटेत ती एकच बोलली: "मी तिथं रडनार नाय."

नगरपालिकेच्या दारात पट्टेवाला म्हणाला, "मावशी, पाणीपट्टीची खिडकी त्या अंगाला."

"पानी आमच्याकडं बक्कल हाय," काकी म्हणाली. "खारा. पट्टी नाय त्याला." पट्टेवाला हसला आणि बाजूला झाला.

सभागृह मला वाटले होते त्यापेक्षा लहान निघाले. घोड्याच्या नालासारखी मांडलेली टेबले, वर दोन पंखे, भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी. आम्ही मागच्या बाकावर बसलो. सभासद येत होते, एकमेकांना चिडवत होते. "काय हो, तुमच्या गल्लीतला दिवा लागला का?" "लागला की. रात्रीचा तेवढा विझतो." मला वाटले होते हे लोक फार गंभीर असतील. ते आपल्यासारखेच आहेत हे पाहून का कोण जाणे, मला जास्त भीती वाटली.

सभा सुरू झाली. पहिला दुखवटा एका निवृत्त मास्तरांचा होता. अध्यक्षांनी चार ओळी वाचल्या आणि म्हणाले, "सर्वांनी उभे राहावे." खुर्च्या सरकल्या. आम्हीही उठलो. काकी पदर डोक्यावरून घेऊन, हात जोडून, ओठ मिटून उभी होती. कोण मास्तर, तिला काय माहीत. पण गेलेल्या माणसासाठी उभे राहायचे, हे तिला सांगावे लागले नाही.

सगळे बसले. अध्यक्षांनी दुसरा कागद उचलला आणि माझ्या काकाचे नाव वाचले. त्या खोलीत, त्या पंख्याखाली, पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. 'स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता' असे काहीसे पुढे होते. सूचक वकीलसाहेब, अनुमोदक दुसरे एक. "सर्वांनी उभे राहावे."

सगळे उठले. मीही उठलो. काकी बसून राहिली.

माझ्या शेजारच्या गृहस्थांना वाटले तिला कळले नाही. ते वाकून हळूच म्हणाले, "बाई, उभं राहायचं असतं." तिने नकारार्थी मान हलवली. हात मांडीवर, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, नजर सरळ समोर. पुढच्या लोकांनी मागे वळून पाहिले, मग अध्यक्षांनीही पाहिले. दोन मिनिटे किती लांब असतात हे मला तेव्हा कळले. ती संपायच्या आत मी खाली बसलो. तिच्या शेजारी उभे राहणे मला जमेना.

अध्यक्षांनी ठराव मंजूर झाला असे म्हणायला तोंड उघडले, पण म्हटले नाही. "बाई, आपण कोण?"

"ज्याचा नाव वाचलात त्याची बायको."

चिटणीस पुटपुटले, "साहेब, दुखवट्याच्या ठरावावर चर्चा होत नाही."

"मी चर्चा कुठं करतंय?" काकी म्हणाली. "मी बसलेली हाय. तुमी दुखवटा कराल, मंग गाव माज्या बांगड्या फोडंल. मना कुनी इचारला नाय."

एक सभासद, गिरणीचे मालक, जरा वैतागून म्हणाले, "अहो, इतके महिने झाले! आता काय होडी पाठवायची शोधायला?"

"पाठवायची तवा पाठवली व्हती का?"

ते सभासद आपल्यापुढचे कागद सारखे करीत बसले. वकीलसाहेब मात्र उठून आमच्या बाकापाशी आले. "वहिनी, माझी मुलगी त्यांच्यामुळे घरी आली. त्यांचं नाव राहावं, एवढंच माझ्या मनात होतं."

"नाव लावा की. चांगला हाय. त्याला मारू नका फक्त."

वकीलसाहेब जागेवर परत गेले आणि त्यांनी अध्यक्षांची परवानगी घेऊन ठराव मागे घेतला. त्याऐवजी आयत्या वेळचा विषय म्हणून त्यांनी काकाच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. शौर्याबद्दल अभिनंदन, आणि धक्क्याला नाव. तेव्हा चिटणीसांनी पुन्हा मान वर केली. ते वाईट गृहस्थ नव्हते. नियम सांगणे हे त्यांचे काम होते. "अभिनंदन करता येईल. नाव देता येणार नाही. हयात माणसाचं नाव सार्वजनिक जागेला द्यायचं नाही, असा आपलाच ठराव आहे."

सगळे काकीकडे बघू लागले. मी तिला समजावून सांगितले: नाव हवे असेल तर दुखवटा हवा, दुखवटा नको असेल तर नाव नाही. सांगताना मला वडिलांचा ओटीवरचा चेहरा दिसत होता. काकीने फार वेळ घेतला नाही.

"मंग नाव ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

अभिनंदनाचा ठराव बसल्या जागी, टाळ्या वाजवून मंजूर झाला. गिरणीवाल्यांनीही वाजवल्या. मग अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. तो बहुधा गटारांचा होता.

घरी वडील काकीशी काही दिवस बोलले नाहीत. ते एकदा मला म्हणाले, "माज्या भावाचा नाव दगडावर लागनार व्हता. तिनं लागू दिला नाय." त्यांचे चुकत होते असेही मला म्हणवत नाही. पाटलांपुढे मात्र पेच पडला. ज्याचे सरकार अभिनंदन करते त्याचा पुतळा कसा जाळायचा? पुतळ्याचे नाव पुन्हा निघाले नाही. काकीला हळदीला बोलावणे मात्र येईना. देवळात कधी गाठ पडलीच, तरी पाटलाच्या बायकोचे बोट तिच्या कपाळापाशी थांबायचे ते थांबतच राहिले. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ओहोटी लागली की ती धक्क्यावर जाऊन बसे आणि पाणी भरू लागले की परत येई.

मी मुंबईला वसतिगृहात परत गेलो. सुट्टीत आलो की ती मला कॉलेजातले विचारी, आणि शेवटी नेहमी एक: "तुज्या त्या बुकात असा काय हाय का, किती दिवस वाट बघायची?" मी नाही म्हणे. तिला ते उत्तर आवडत असावे.

या वर्षी परीक्षा संपेपर्यंत घरून कोणी भेटायला आले नाही, निरोपही आला नाही. मला आश्चर्य वाटले नाही. कामाचे दिवस होते. शेवटचा पेपर देऊन घरी गेलो तेव्हा वडील ओटीवर एकटे बसले होते. काकीच्या घराला बाहेरून कडी होती.

"परीक्षा होऊ दे म्हनलं, मंग सांगू," ते म्हणाले.

परीक्षा सुरू झाली त्या आठवड्यातच काकी तापाने गेली होती. वडिलांनी मला सगळे क्रमाने सांगितले. तिला न्हाऊ घातल्यावर बायका थबकल्या होत्या, कोणते लुगडे नेसवायचे म्हणून. तेव्हा पाटलाची म्हातारी बायको काठी टेकत आली आणि म्हणाली, "हिरवा काढा." तिने आपल्या हाताने काकीच्या कपाळभर कुंकू भरले, नवा चुडा घातला, ओटी भरली. मग गावातल्या सगळ्या बायका रांगेने आल्या आणि सवाष्णीच्या पाया पडावे तशा पाया पडल्या.

तिचे दिवस झाल्यावर वकीलसाहेब आले होते. या वेळी त्यांनी मसुदा आणला नव्हता. ओटीवर बसून त्यांनी आधी वडिलांना विचारले, आता दुखवट्याचा ठराव करून धक्क्याला काकाचे नाव द्यायला घरातून कोणाची हरकत आहे का?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

वडील खाडीकडे बघत होते.

"नको म्हनलं," ते म्हणाले. "ती सवाष्ण गेली. आता मागनं त्याला मारू नका."