लिंबाच्या मातीतले आकडे

आई गेल्यावर धुळ्याच्या घरात आबा एकटेच राहिले. मी जळगावला पिंप्राळ्यात, भाऊ पुण्यात. घरात कॅमेरा बसवू या, असं भावाने एकदा सुचवून पाहिलं. आबांनी त्याला उभाच केला नाही. “मना घरमा कॅमेरा नको. मी काय चोर शे?” भावाने वायफाय तेवढं घेऊन दिलं. ते चाललं, कारण त्यावर भजनं ऐकता येत होती.

सेन्सर मी नेला तो लिंबासाठी. निळा ड्रम अर्धा कापून आबांनी ओट्याशी लिंबू लावलं होतं. चांगलं फळायचं, पण पानं पिवळी पडायला लागली होती. मातीत खुपसायची एक कांडी मिळते, ती ओलावा मोजते आणि घरच्या वायफायवरून मोबाइलला कळवते. मी आबांना म्हटलं, लिंबाची तब्येत मला जळगावला बसून कळेल. त्यांनी खुशाल लावू दिली. त्यांची चौकशी केलेली त्यांना खपायची नाही, लिंबाची केलेली आवडायची.

ॲपवर रोज एक हिरवं पान यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, झाड आनंदात आहे. इकडे शेजारच्या अक्का फोनवर सांगायच्या की पानं गळताहेत. मला कुणी गोड बोलून वाटेला लावलं की माझं डोकं फिरतं. मी कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, आम्ही दिवसभराची सरासरी काढून सांगतो. नुसते आकडे बघून तुम्हाला काही कळणार नाही.” म्हटलं, कळेल की नाही ते माझं मी बघते. कांडी माझी, माती माझ्या बापाची, मग आकडे तुमच्या खिशात कशाला? त्यानंतर मी त्यांना मेल करून करून भंडावून सोडलं. माझ्यासारखे आणखीही असतील, कारण काही महिन्यांनी ॲपमध्ये नवीन बटण आलं. ते दाबलं की कांडीने मोजलेलं सगळं जसंच्या तसं दिसायचं. मी निवडणूक जिंकल्यासारखी घरभर फिरले. नवरा म्हणाला, “आता लिंबाचा सातबारा पण काढून घे.”

चहा पिता पिता मी ती नोंद उघडली. ओलाव्याची रेघ होती. पाणी घातलं की ती उडी मारते आणि मग हळूहळू उतरते. आबांची रेघ उतरतच नव्हती. सकाळी उडी, थोड्या वेळाने पुन्हा, जेवणाआधी पुन्हा, जेवण झाल्यावर परत. कालही तसंच, परवाही तसंच.

मी भावाला फोन केला आणि म्हटलं, “अरे, धुळ्यात नळाला रोज पाणी यायला लागलं वाटतं!” तोही खूश झाला. आता यावर कुणी हसेल, पण धुळ्याचा माणूस हसणार नाही. आमच्याकडे नळ यायचा दिवस म्हणजे सणाचा दिवस. आबा तांदूळ धुतलेलं पाणी लिंबाला घालत. पाहुण्याने ग्लासात पाणी उष्टं ठेवलं तर त्याच्यासमोर बोलत. असा माणूस दिवसभर पाणी ओततोय याचा दुसरा अर्थ आम्हा दोघांच्या डोक्यातच आला नाही.

मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, “पानी कशानं रोज येस, माय? बठ्ठं पानी त्या लिंबूलेच टाकतस आबा. सांगं ते रागे भरतस.”

दुसऱ्या दिवशी पारोळ्यावरून जाणारी एसटी पकडून धुळ्याला गेले. आबा छान बोलले. भाव, भाऊबंदकी, कुणाचं लग्न कुठे जमलं, सगळं बिनचूक. बोलता बोलता उठले, मग्गा भरून लिंबाला घातला आणि येऊन बसले. मला जरा बरं वाटलं. चहा संपायच्या आत ते पुन्हा उठले. “लिंबूले पानी टाकानं ऱ्हायनं,” म्हणाले. ड्रमच्या तळातून पाणी ओट्यावर वाहत होतं आणि ते त्यातूनच चालत गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की याने विसरण्याचा वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. आम्ही मग्गा लपवला, तर आबा तांब्याने घालू लागले. तांब्या ठेवून दिला, तर वाटीने. जळगावला चला म्हणून मी हातापाया पडले. ते माझ्याकडे अगदी समजूतदारपणे बघत म्हणाले, “मी जळगावले उनू, ते आठे लिंबूले पानी कोन टाकी?” लिंबू तुमच्याच पाण्याने सडतंय, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

अक्का दोन वेळचा डबा देतात, मी जमेल तशी जाते. बाकी माझ्या हातात मोबाइल आहे. रेघ उडते, मला कळतं आबा उठले. मध्ये फार वेळ गेला की जीव टांगणीला लागतो. उडी दिसली की हायसं वाटतं, आणि लगेच कळतं की हायसं वाटण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांना कॅमेरा नको होता त्यांच्यावर मी दिवसभर नजर ठेवून असते. आणि त्या नजरेने त्यांचा एक मग्गासुद्धा अडवता येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर लिंबू गेलं. अक्कांनी फोटो पाठवला, नुसत्या काटेरी काड्या उरल्या होत्या. ॲपनेही विचारलं, हे झाड यादीतून काढायचं का? मी नाही म्हटलं.

परवा संध्याकाळी रेघ उडाली आणि पाठोपाठ आबांचाच फोन आला. आवाज खुशीत होता. “लिंबू मस्त शे. आत्तेच पानी टाकं.”

मी म्हटलं, “हाव आबा, माले दिखस.”